एजंटाला पैसे देण्याआधी: परदेशातली केअरची नोकरी आणि तिथल्या म्हाताऱ्यांचा खर्च

प्रश्न असा आलाय: "मॅडम, मी गडहिंग्लज तालुक्यातली. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झालाय, चार वर्षं कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात ड्युटी करते. एक एजंट इंग्लंडचा केअर व्हिसा करून देतो म्हणतोय, नऊ लाख मागतोय. दुसरा जपानचं बोलतोय. धाकटी बहीण बारावी झालीय, तिला जर्मनीचं वेड लागलंय. घरी आजीला अर्धांगवायू होऊन दोन वर्षं झाली, तिचं सगळं आई बघते. आम्ही कुठं जावं? आणि तिकडं म्हाताऱ्यांना सांभाळायला घरच्यांना सरकार पैसे देतं म्हणे, ते खरं का?"

त्या नऊ लाखवाल्याला एक रुपया देऊ नकोस. इंग्लंडनं 22 जुलै 2025 पासून बाहेरच्या देशांतून नवे केअर वर्कर घेणं बंद केलंय. म्हणजे तो जी वस्तू विकतोय ती दुकानात शिल्लकच नाही. रीतसर नर्स म्हणून इंग्लंडला जायची वाट अजून आहे. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, तिथल्या नर्सिंग कौन्सिलची संगणकावरची परीक्षा आणि तिकडे गेल्यावर प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा, एवढं लागतं. ते वेगळं प्रकरण. एजंट त्याबद्दल बोलत नाहीये, कारण त्यात अभ्यास तुला करावा लागतो आणि त्याला नऊ लाख मागता येत नाहीत.

आता मी कोण ते सांगते, नाहीतर तू म्हणशील ही बाई कुठल्या जोरावर बोलते. मी मिरजेला नर्सिंग शिकले, कोल्हापुरात बरीच वर्षं वॉर्ड सांभाळले आणि भर चाळिशीत, 2014 मध्ये, जर्मनीला गेले. तिथल्या एका वृद्धाश्रमात सहा वर्षं काम केलं. परत आल्यापासून राजारामपुरीत घरी पेशंट सांभाळणाऱ्या बायकांना आणि पोरांना शिकवते. ज्यांना बाहेर जायचं असतं त्यांची कागदपत्रंही बघते, फुकट. कारण माझी मी नीट बघितली नव्हती. त्याचं पुढे सांगते.

एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झालीय. मुली मला व्हिसाचं विचारतात, पगाराचं विचारतात, थंडीचं विचारतात. पण त्या देशात म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरच्या कामाचा पैसा शेवटी कुणाच्या खिशातून येतो, हे कुणी विचारत नाही. तुझी नोकरी टिकणार की नाही, पगार वेळेवर येणार की नाही, मालकाशी भांडता येणार की नाही, हे सगळं त्यावर ठरतं.

इंग्लंडचंच बघ. तिथं दवाखाना फुकट, पण म्हातारपणीची देखभाल फुकट नाही. ज्याच्या नावावर 23,250 पौंडांहून जास्त मालमत्ता, त्यानं आपला खर्च आपण करायचा. वृद्धाश्रमात जायचं तर बहुतेकदा राहतं घरसुद्धा त्यात धरतात. हा आकडा 2010 पासून हललेला नाही. माणसाच्या आयुष्यभराच्या खर्चावर 86,000 पौंडांची मर्यादा घालू, असा कायदा झाला होता. तो पुढे ढकलत ढकलत 2024 च्या जुलैमध्ये गुंडाळला. ज्यांच्याकडे काही नाही त्यांचा खर्च नगरपालिका करतात, आणि त्यांची तिजोरी कायम खडखडाट. मग त्या खासगी कंपन्यांकडून तासांच्या हिशेबानं, जमेल तितक्या स्वस्तात काम विकत घेतात. कंपनी ती काटकसर कुणाच्या पगारातून काढणार? या घरून त्या घरी जायच्या वेळेचे पैसे न देणं, तासांची हमीच न देणं, हे तिथलं रोजचं रडगाणं आहे. स्थानिक माणसं म्हणाली, यापेक्षा सुपरमार्केटात उभं राहू. म्हणून 2022 च्या फेब्रुवारीत केअर वर्करसाठी व्हिसा उघडला. आपल्याकडे त्याची बातमी झाली, आणि एजंटांची दिवाळी.

माझी एक विद्यार्थिनी तेव्हा गेली. भिशी मोडली, पतसंस्थेचं कर्ज काढलं, आईच्या पाटल्या गेल्या. करारात आठवड्याला 39 तास लिहिले होते, मिळाले पंधरा-सोळा. तिनं तक्रार केली नाही, कारण व्हिसा त्याच कंपनीच्या नावाला बांधलेला. पुढं सरकारनं त्या कंपनीचा परवानाच काढून घेतला आणि हिच्या हातात नोटीस पडली: साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर देश सोडा. अशी ती एकटी नव्हती. 2022 च्या जुलैपासून 2024 च्या अखेरपर्यंत तिथल्या सरकारनं या क्षेत्रातल्या 470 हून जास्त मालकांचे परवाने रद्द केले. 2024 च्या मार्चपासून केअर वर्करला नवरा-मुलं नेणंही बंद केलं होतं. शेवटी दारच लावून घेतलं. आपल्या पोरींचं नशीब वाईट होतं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या कामाला देश पैसे मोजायला तयार नाही, त्या कामावर बाहेरची बाई आणून बसवली की हेच होतं.

जर्मनीची घडण निराळी. तिथं 1995 पासून देखभालीचा सक्तीचा विमा आहे, आजारपणाच्या विम्याला जोडलेला. पगारातून कापला जातो, सध्या 3.6 टक्के, साधारण निम्मा मालकाचा. मूल नसेल तर 0.6 टक्के जास्त. आमच्या आश्रमातल्या बिनलग्नाच्या सिस्टरी यावर चिडून बोलायच्या. मीही भरायचे. माणूस परावलंबी झाला की तपासनीस घरी येतो आणि एक ते पाच अशी श्रेणी देतो. मी गेले तेव्हा जुनी पद्धत होती, मिनिटं मोजायची: आंघोळीला इतकी मिनिटं, दात घासायला इतकी. हातपाय धड असलेली पण डोकं हरवलेली माणसं त्यात बसायचीच नाहीत. एक आजोबा दिवसातून दहा वेळा कोट चढवून ऑफिसला निघायचे, आम्ही त्यांच्यामागे पळायचो, आणि कागदावर ते जवळजवळ तंदुरुस्त. 2017 मध्ये मिनिटं गेली, माणूस स्वतःचं स्वतः किती करू शकतो ते बघायला लागले. आजोबांची श्रेणी वाढली, आश्रमाला पैसे जास्त आले.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. हो, खरं आहे. जर्मनीत आजी घरीच राहिली आणि घरच्यांनी सांभाळलं तर विम्यातून दर महिन्याला रोख रक्कम मिळते, दुसऱ्या श्रेणीला 347 युरो, पाचव्या श्रेणीला 990. पैसा आजीच्या नावावर येतो, ती तो सांभाळणाऱ्याला देते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुझ्या आईसारखी बाई, बाहेर पूर्णवेळ नोकरी न करता आठवड्याला ठरावीक तास घरच्या माणसाला सांभाळत असेल, तर तिच्या पेन्शनचा हप्ता विमा भरतो. म्हणजे तिचं हे काम नोकरीसारखं मोजलं जातं.

तिथंही सगळं आलबेल नाही. विमा अर्धामुर्धाच भरतो. वृद्धाश्रमात गेलं तर पहिल्या वर्षी माणसाला स्वतःच्या खिशातून महिन्याला सरासरी 3,000 युरोंच्या वर घालावे लागतात. म्हणून कितीतरी घरांत पोलंड, बल्गेरिया, रोमानियातल्या बायका राहायला ठेवतात आणि त्याला "चोवीस तासांची देखभाल" म्हणतात. करारात मात्र आठवड्याला तीस तास. 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं एका बल्गेरियन बाईच्या खटल्यात सांगितलं की हाकेला ओ द्यायला थांबून राहणं हेसुद्धा काम आहे, त्यालाही किमान वेतन द्या. मी वाचलं आणि आपल्याकडे घरी पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतल्या मावश्या डोळ्यांपुढं आल्या.

तुझ्यासारख्या जीएनएम मुलीला जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायची सोय आहे. तुझा अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून बघतात, काय कमी आहे ते लिहून देतात, मग एकतर परीक्षा द्यायची किंवा काही महिने पूरक प्रशिक्षण घ्यायचं. जर्मन भाषा बी-टू, म्हणजे सहा पातळ्यांतल्या चौथ्या पातळीची लागते. मान्यता येईपर्यंत हेल्पर म्हणून काम. देखभालीच्या क्षेत्राचं तिथं वेगळं किमान वेतन आहे: 2025 च्या जुलैपासून हेल्परला तासाला 16.10 युरो, मान्यताप्राप्त नर्सला 20.50. हा फरक दर तासाला, दर महिन्याला, म्हणून मान्यतेचे कागद रेंगाळू देऊ नयेत. बहिणीला सांग, बारावीवर तिथं तीन वर्षांचं नर्सिंग प्रशिक्षण मिळतं. फी नाही, उलट विद्यावेतन असतं, चांगल्या ठिकाणी पहिल्या वर्षी 1,300-1,400 युरो, कपातीच्या आधी. पण शाळेत शिकवतात ते जर्मनमध्ये. शरीरशास्त्र जर्मनमध्ये, मरणाऱ्या माणसाशी बोलायचं तेही जर्मनमध्ये. "ए-टू (दुसरी पातळी) झालं की चालतंय" म्हणणाऱ्या क्लासवाल्याला हात जोडून परत ये. गडहिंग्लजकडची माणसं मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात आणि परत येतात, त्यामुळे भाषेला तुम्ही घाबराल असं मला वाटत नाही. घाई मात्र कराल, त्याची भीती वाटते.

2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला, 10,000 कुशल माणसं पाठवायची म्हणून. ते नाव घेऊन एजंट फिरतायत. करार झाला म्हणून व्हिसा होत नाही. भाषेचा पेपर सरकार लिहून देणार नाही. केरळनं 2021 च्या डिसेंबरमध्ये नोर्का या, बाहेर गेलेल्या केरळी माणसांसाठीच्या आपल्या सरकारी संस्थेतर्फे जर्मन सरकारी यंत्रणेशी करार केला, त्यात भाषेचं शिक्षण ते मान्यतेपर्यंतची साखळी आहे आणि मुलीकडून पैसे घेत नाहीत. तुलना करायची तर त्याच्याशी कर.

माझी चूक. माझ्या करारात एक कलम होतं, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषेच्या वर्गाचा आणि भरतीचा खर्च परत करायचा. मी सही केली, कारण ते जर्मनमध्ये होतं आणि समोरचा माणूस गोड बोलत होता. दुसऱ्या वर्षी रात्रपाळीत पन्नासेक माणसांमागं मी एकटी नर्स आणि एक हेल्पर, अशी पाळी आली. कंबर गेली. दुसरीकडं जागा होती, जाता आलं नाही. आता मी कुणाचाही करार आला की आधी शेवटची दोन पानं वाचते, पगाराचं पान नंतर.

जपानचं मला पुस्तकातून आणि तिकडं गेलेल्या आठ-दहा पोरांकडून कळलंय, स्वतः पाहिलेलं नाही. तरी सांगण्यासारखं बरंच आहे. तिथं 2000 च्या एप्रिलपासून देखभालीचा विमा आहे. चाळिशी गाठली की हप्ता सुरू. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा करातून, आणि सेवा घेणाऱ्यानं बहुतेकदा दहा टक्के भरायचे. पण जर्मनीसारखी घरच्यांना रोख रक्कम जपाननं दिली नाही. मुद्दाम दिली नाही. कायदा होताना तिथल्या बायकांच्या संघटनांनी विरोध केला: रोख पैसे दिलेत तर घरातले म्हणतील, सरकार पैसे देतंय ना, मग सुनेनंच करावं. पैसा घरात येईल आणि सून आणखी घट्ट अडकेल. त्यापेक्षा बाहेरचा माणूस घरात पाठवा, आजीला दिवसभर केंद्रावर न्या, आंघोळ घालून संध्याकाळी परत आणा. मी हे वर्गात सांगते तेव्हा बायकांचे दोन तट पडतात. शहरातल्या म्हणतात जपानचं बरोबर. शाहूवाडी-पन्हाळ्याकडच्या म्हणतात, बाई, पैसे तरी मिळू देत, करतो तर आम्हीच. मला दोन्ही पटतं, आणि दर वेळी वर्ग वीस मिनिटं उशिरा सुटतो.

तर जपानमध्ये सेवेचे दर सरकार ठरवतं, साधारण तीन वर्षांनी बदलतं. त्यामुळे मालकाच्या मनात असलं तरी पगार फार वर जात नाही. माणसं मात्र हवीच आहेत. 2040 पर्यंत आणखी 5,70,000 देखभाल कर्मचारी लागतील असा त्यांच्या मंत्रालयाचा अंदाज आहे. 2021 च्या जानेवारीत भारताशी "विशिष्ट कौशल्य" व्हिसाचा करार झाला. एजंटाला एकच प्रश्न विचार: तोकुतेई गिनो की गिनो जिश्शू? पहिला म्हणजे तोच विशिष्ट कौशल्य व्हिसा, त्यात त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. दुसरी प्रशिक्षणार्थींची जुनी योजना, तिच्यात मालक बदलता येत नाही आणि ती 2027 मध्ये मोडीत निघतेय. उत्तर देताना तो चाचरला तर चहा पिऊन ऊठ.

तोकुतेई गिनोला एन-फोर, म्हणजे खालून दुसऱ्या पातळीची जपानी, देखभालीच्या जपानीची वेगळी परीक्षा आणि कामाची परीक्षा. पाच वर्षं राहता येतं, पण कुटुंब नेता येत नाही. तीन वर्षं काम झालं की राष्ट्रीय परीक्षा देऊन "काइगो फुकुशिशी", म्हणजे परवानाधारक देखभाल कर्मचारी, होता येतं, मग व्हिसा हवा तितका वाढतो आणि घरचेही येतात. ती परीक्षा जपानीत. वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी, त्यामुळे बोलणं आपल्या पोरांना लवकर येतं. अडतं ते कांजीत, म्हणजे त्यांच्या चित्रलिपीत, पाळी बदलताना वहीत काय लिहिलंय ते वाचताना. एक लक्षात ठेव, तिथं तू नर्स नसशील, देखभाल कर्मचारी असशील. चार वर्षांचा सलाइन लावायचा हात बाजूला ठेवावा लागेल. बहिणीला चालेल, तुला चालेल का ते तू ठरव.

इस्रायलचं तू विचारलं नाहीस, पण विचारशील, कारण तिथं गेलेल्या केरळच्या मुली बऱ्यापैकी पैसे पाठवतात. तिथंही विमा आहे, 1988 पासून, पण काम घरात राहून, आणि मालक म्हणजे ते कुटुंब. चोवीस तास एकाच माणसाबरोबर. 2013 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की घरात राहणाऱ्या केअरगिव्हरला कामाच्या तासांचा कायदा लागू नाही, म्हणजे जादा तासांचा दावा नाही. साधारणपणे 63 महिने राहता येतं. आजोबा गेले की शोक करायच्या आधी दुसरं घर शोधायचं. युद्धाचं मी सांगायला नको. एक गंमत: तिकडं डिमोनासारख्या गावांत कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली आज्या आहेत, मराठी बोलणाऱ्या. माझ्याकडची एक मुलगी अशाच आजीकडं होती. आजीला हिचं मराठी अशुद्ध वाटायचं.

आखातात घरी माणूस सांभाळायचं काम असेल तर मी जाऊ नको म्हणते. तिथं देखभालीचं धोरण असं नाहीच, फक्त घरमालक आहे आणि त्याच्या नावावरचा तुझा व्हिसा.

पैशांचं एक लिहून ठेव. भारतातल्या नोंदणीकृत भरती एजंटाला मुलीकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. तो नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट या पोर्टलवर पाच मिनिटांत दिसतं. नऊ लाख हा आकडा ऐकल्यावरच ते बघायला हवं होतं.

तर माझं मत, तू विचारलंस म्हणून. तू जर्मनी धर, पण दीड-दोन वर्षं नोकरी चालू ठेवून भाषा कर. बहिणीनं जपान की जर्मनी हे तिच्या सबुरीवर आहे. लवकर कमवायचं तर जपान, तीन वर्षं शिकत राहायची तयारी असेल तर जर्मनी.

राहिली आजी. इथं तिच्यासाठी काय आहे? उत्पन्नाच्या अटीत बसली तर श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये. सत्तरीच्या पुढची असेल तर आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाख, पण दवाखान्यात दाखल झाली तरच. घरी कूस बदलणं, भरवणं, लंगोट बदलणं, याला कुठल्याच योजनेत रकाना नाही. ते रकान्याबाहेरचं सगळं तुझी आई करते. तू गेलीस की सुट्टीच्या दिवशी तुझा जो हात लागतो तोही जाईल. मग तू युरो पाठवशील आणि आजऱ्याकडची कुणी मावशी ब्युरोतून येईल, बारा तासांच्या ड्युटीवर. तिची स्वतःची आई तिकडं वस्तीवर एकटी असेल, शेजारीण भाकरी देत असेल. हे मी तुला अपराधी वाटावं म्हणून सांगत नाही. मीही आईला असंच ठेवून गेले होते.

मावशी ठेवायची तर ब्युरो तिच्या पगारातून किती कापतो ते तिलाच विचारा, ब्युरोला नको. आठवड्याची एक सुट्टी पहिल्या दिवशीच ठरवा, आणि त्या दिवशी आजीला कोण बघणार तेही. तुला भाऊ आहे की नाही ते तू लिहिलं नाहीस. असेल तर त्याला येत्या रविवारी माझ्याकडं घेऊन ये. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, चादरीवरून माणूस कसा सरकवायचा, अर्धांगवायूच्या माणसाला कुठल्या बाजूनं भरवायचं, हे एका दिवसात शिकवते. पोरं पहिल्यांदा लाजतात, दुपारपर्यंत सरावतात.

येताना आजीच्या पाठीचा, माकडहाडाजवळचा फोटो काढून आण. तिथं लाल डाग असेल आणि बोटानं दाबल्यावर तो फिका पडत नसेल, तर रविवारपर्यंत थांबू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव आणि मला फोन कर.